दोरीएवढी पुस्तकं

वर्ष संपत आलं की आमच्या ऑफिसातल्या पोरी मोबाइल घेऊन माझ्या टेबलापाशी येतात. वर्षभरात काय काय वाचलं त्याची रंगीत यादी, प्रत्येक पुस्तकापुढं चांदण्या आणि शेवटी एक आकडा. "मॅडम, तुमचं किती झालं?" मी खुर्चीतनं उठते, कमरेच्या जरा वर हात धरते आणि म्हणते, "एवढं." पोरी एकमेकींकडं बघतात. बाईंना रिटायर व्हायला अजून किती वर्षं आहेत, हा प्रश्न त्यांच्या तोंडावर स्वच्छ वाचता येतो.

पण खरंच, आमच्या घरात वाचनाचा आकडा कधी नव्हता, उंची होती. माझे वडील, म्हणजे आप्पा, सांगलीजवळ माधवनगरला राहतात. त्यांचा जन्म कापडगिरणीत गेला. गिरणी बंद पडून जमाना झाला, पण तिथला जाड पांढरा दोरा त्यांच्या घरात अजून संपलेला नाही. जानेवारीच्या एक तारखेपासून जे पुस्तक वाचून होईल ते आडवं ठेवायचं, पुढचं त्याच्यावर, आणि वर्ष संपलं की ढिगाच्या बुडापासून टोकापर्यंत दोरा ताणून दोन्हीकडं गाठ मारायची, ही त्यांची पद्धत. वाचनालयाचं पुस्तक परत करावं लागतं, म्हणून त्याच्या जाडीइतके पुठ्ठे कापून, सुतळीनं बांधून, वर नाव लिहून ते ढिगात ठेवायचे. अर्धवट टाकलेलं पुस्तक कुणी ढिगात सरकवलं असा संशय आला, तर जेवताना सगळ्यांसमोर त्याचा शेवट सांगावा लागे.

माझ्या नवऱ्यानं एकदा मोठ्या कौतुकानं त्यांना पुस्तकं मोजायचं ॲप दाखवलं. आप्पांनी चष्मा वर करून बघितलं. "ह्यात काय, बोट लावलं की वाचलं. उद्या तुमी म्हनशीला, जावईबापू, मी हिमालय चढून आलो. बोट लावलं की झालं." नवऱ्यानं मोबाइल खिशात घातला तो आजतागायत त्यांच्यासमोर काढलेला नाही.

लग्न होऊन मी साताऱ्याला आले आणि एकाचे दोन ढीग झाले. संक्रांतीनंतरच्या रविवारी आप्पा तिळगूळ घेऊन सकाळच्या एसटीनं येतात, खिशात त्यांच्या ढिगाचा दोरा. तो माझ्या ढिगाला लावायचा. दरवर्षी त्यांची गाठ वर आणि माझा ढीग खाली. मग ते मिशीत हसतात, जेवतात आणि पाचच्या एसटीनं परत जातात.

ते पाचची एसटी गाठतात हेच माझं दुखणं. आई गेल्यापासून माणूस एकटा आहे. सकाळी स्वतःचा चहा स्वतः करतो, संध्याकाळी सकाळचीच भाकरी दुधात कुस्करून खातो आणि फोनवर मला सांगतो की मस्त जेवलो. पण लेकीच्या घरी मुक्काम करायचा नाही, हे त्यांनी डोक्यात पक्कं बसवलेलं. मी रडून बघितलं, भांडून बघितलं, एकदा त्यांच्या चपला लपवून बघितल्या, तर माझ्या सासऱ्यांच्या घालून निघाले. शेवटी वैतागून मी पैज लावली. ज्या वर्षी माझा ढीग उंच भरेल, त्या वर्षी आठ दिवस साताऱ्यात राहायचं. आप्पा शांतपणे म्हणाले, "भर की मग."

तेव्हापासून मी पिसाटल्यासारखी वाचते. भाजी निवडताना वाचते, गॅसच्या नंबरला वाचते, पोवई नाक्यावर रिक्षा भरेपर्यंत चार पानं होतात तेवढी वाचते. आणि गेल्या वर्षी काय झालं देव जाणे, ढीग भराभर वर चढला. डिसेंबर अखेरीला तो माझ्या कमरेच्या वर चार बोटं आला. एवढा दोरा आप्पांनी मला कधीच दाखवला नव्हता. त्यात फोनवर ते बोलून गेले की यंदा डोळ्यांत औषध घालावं लागतंय. मला वाईट वाटायला पाहिजे होतं. मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात एकटीच नाचले. नवी उशी आणली, चादर आणली, त्यांच्यासाठी पानाचा डबा आणला. नवऱ्याला म्हटलं, यंदा आठ दिवस आपल्याला सकाळचा पेपर मिळायचा नाही, मन घट्ट कर.

संक्रांत झाली. शुक्रवारी आमच्या घरी हळदीकुंकू होतं. मला ऑफिसातनं सुटायला उशीर झाला म्हणून सासूबाईंनी सुरुवात करून घेतली होती. मी गल्लीत शिरले तर समोरनं ठेवणीतल्या साड्या नेसून बायका आमच्याकडनं आपापल्या घराकडं निघालेल्या, कपाळ भरलेलं, एका हातात तिळगूळ आणि दुसऱ्या हातात पुस्तक. मला आधी बरंच वाटलं. म्हटलं, वा, आमची गल्ली सुधारली. मग एकीच्या हातातल्या पुस्तकाचा कोपरा दुमडलेला दिसला. तो मी दुमडला होता, कुकरची शिट्टी झाली तेव्हा.

मी धावत घरात शिरले. ढिगाच्या जागी नुसते पुठ्ठे उरले होते. सुतळीनं बांधलेले, नावं घातलेले, एकही हललेला नव्हता.

"आत्या," मी म्हटलं. सासूबाईंना मी आत्या म्हणते. "पुस्तकं कुठं गेली?"

"वाण दिलं." त्या खुशीत होत्या. "आगं, पलीकडच्या गल्लीत ह्या वर्षी रोपं दिली वाण म्हणून. आमी काय परत तेच पलास्टिकचं डबं वाटायचं व्हय? मोबाइलात दाखवत हुते, आता पुस्तकं देत्यात म्हणं. तुझा एवढा ढीग पडूनच हुता."

"पडून नव्हता हो, रचून ठेवला होता."

"पर वाचून झाल्यात न्हवं तुझी?" त्यांनी विचारलं. "वाचून झालेलं परत कशाला लागतंय?"

मी खुर्चीत बसले. माझं तोंड बघून त्यांनी आधी पाणी आणलं, मग चहा, मग कुणीतरी गेलंय का म्हणून विचारलं. मी सगळं सांगितलं. पैज, दोरा, आठ दिवस, उशी, पानाचा डबा. त्यांनी डोक्याला हात लावला. आप्पांनी राहावं असं त्यांनाही फार वाटायचं, कारण सासरे दिवसभर गच्चीवर तोंड मिटून बसतात आणि आप्पांशी कसं तावातावानं भांडता येतं.

आता वाण परत मागता येत नाही. मेलं तरी येत नाही. हळदीकुंकू लावून, ओटीत घातलेली वस्तू मागायला गेले असते तर साताऱ्यात राहायची सोय उरली नसती. सासूबाई म्हणाल्या, पाव्हण्यांना खरं सांगू. मी म्हटलं, तुम्ही पाव्हण्यांना ओळखत नाही.

रविवारी आप्पा आले. तिळगूळ दिला, पाणी प्याले आणि खिशातनं दोरा काढला. "ढीग कुठाय?"

मी घडलेलं सांगितलं. सासूबाईंनी मध्ये मध्ये भर घातली. आप्पांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि पुठ्ठ्यांच्या ढिगाला दोरा लावला. ढीग दोऱ्याच्या निम्म्याला पोचला. शाईचं पेन काढून त्यांनी तिथं खूण केली.

"आप्पा, कमरेच्या वर चार बोटं होता. शपथेवर सांगते."

"शपथेनं उंची वाढत न्हाई."

माझं डोकं फिरलं. वर्षभर डोळे फोडून वाचलं ते ह्याच्यासाठी? मी म्हटलं, "ठीक आहे, पुस्तकं गल्लीतच आहेत ना? चला. घरोघर जाऊन मापू. परत मागायची नाहीत, नुसती जाडी बघायची."

मला वाटलं नाही म्हणतील. आप्पांनी टोपी घातली.

मग जी काय वरात निघाली ती आमची गल्ली अजून विसरलेली नाही. पुढं सासूबाई, मध्ये दोरा घेऊन आप्पा, मागं मी. कुणाला कुठलं पुस्तक गेलं हे सासूबाईंना तोंडपाठ होतं, कारण त्यांनी ते पूर्वीच्या वाणावरनं ठरवून दिलेलं. जिनं गेल्या संक्रांतीला आम्हाला स्टीलचा डबा दिला तिला जाड पुस्तक, जिनं चमचा दिला तिला पातळ. एकीनं साबणाची वडी दिली होती, तिला मुलांसाठीची रंगीत गोष्ट गेली होती, आणि ती माझी नव्हतीच, नणंदेच्या पोरीची होती. आप्पांनी तीही मापायला घेतली. मी खरं सांगून टाकलं. जिंकायचं तर सरळ.

पहिल्या घरी आम्ही म्हटलं, "पुस्तकाची जाडी बघायचीय." बाई बावचळली. तिला वाटलं काहीतरी सरकारी मोहीम आहे. तिनं आधारकार्डसुद्धा आणलं. दुसऱ्या घरी पुस्तक देवघरात, अन्नपूर्णेच्या शेजारी, कव्हरावर हळदीकुंकवाची बोटं. आप्पांनी हातपाय धुतले, नमस्कार केला, मग दोरा लावला. तिसऱ्या घरी ते डुगडुगणाऱ्या टीव्हीच्या टेबलाखाली गेलेलं. ते काढल्यावर टीव्ही कलंडला आणि त्या घरचा मालक आम्ही असेपर्यंत टेबल धरून उभा राहिला. आणि प्रत्येक घरात चहा. नाही म्हणायची सोय नाही, संक्रांतीचे दिवस. पाचव्या घरानंतर आप्पा म्हणाले, "आता मला दोऱ्याच्या जागी दोन दोरं दिसायला लागल्यात."

एका घरी पुस्तकच नव्हतं. बाईंनी आधी इकडंतिकडं बघितलं, मग पदराचं टोक पिळत कबूल केलं की ते त्यांनी शनिवारी वाईला जावेकडं हळदीकुंकवाला नेलं आणि तिला देऊन टाकलं. म्हणजे वाण पुढं ढकललं. सासूबाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला. आम्ही वाईला व्हिडिओ कॉल लावला. जाऊबाईंनी पुस्तक आडवं धरलं आणि बोटांनी जाडी दाखवली. आप्पा म्हणाले, "तिची बोटं बारीक हायती, चालायचं न्हाई." मग तिनं त्याच्याशेजारी बिस्किटाचा पुडा उभा धरला, बरोब्बर तेवढाच भरला. आम्ही कोपऱ्यावरच्या दुकानातनं तसलाच पुडा घेतला आणि आप्पांनी भर रस्त्यात त्याला दोरा लावला. दुकानदारानं सुटे पैसे लांबूनच दिले.

मला हसू आवरेना. दर घरी खूण वर सरकत होती. सासूबाई तर इतक्या रंगल्या की खूण करायला पेन त्याच धरायला लागल्या. मध्येच केव्हातरी पाचची एसटी निघून गेली. मी ते बघितलं आणि गप्प बसले. आप्पांनीही मनगटावरचं घड्याळ बघितलं आणि गप्प बसले. अंधारात प्रवास त्यांना डोळ्यांमुळं जमत नाही, म्हणजे एक रात्र तरी पदरात पडली होती.

शेवटी एकच पुस्तक उरलं. ढिगातलं सगळ्यात जाड, आणि दोऱ्याला शेवटच्या गाठीपर्यंत माझ्या अंगठ्याएवढं अंतर. ते पुस्तक सहज दोन अंगठे जाड होतं. मी जिंकले होते. गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या काकूंना ते गेलं होतं. त्यांचे यजमान फौजेतनं रिटायर झालेले, आणि गेल्या वर्षी ह्या काकूंनी वाण म्हणून पाच ताटल्यांचा संच दिला होता, म्हणून त्यांना सगळ्यात जाड.

आम्ही गेलो तर काका दारातच. "या," ते म्हणाले, "पर जेवनाची आशा धरू नका. शुक्रवारपासनं आमच्या किचनला कुलूप हाय." आत काकू पलंगावर मांडी घालून, चष्मा लावून, पुस्तक मांडीवर उघडं. एरवी ह्या काकू वर्तमानपत्रात फक्त सोन्याचा भाव बघतात. आमची चाहूल लागल्यावर त्यांनी मान वर न करता नुसता हात दाखवला, थांबा म्हणून. आम्ही थांबलो. पान उलटलं. परत हात.

"काकू, एक मिनिट पुस्तक मिटा, नुसता दोरा लावायचा आहे," मी म्हटलं.

"मिटायचं न्हाई," आप्पा म्हणाले.

"आप्पा, एक मिनिटाचं काम आहे."

"वाचणाऱ्याच्या हातातनं पुस्तक काढून घ्यायचं न्हाई. तू ल्हान हुतीस तवा मी काढलं का कधी? भात करपला तरी काढलं न्हाई. त्यांचं हुंद्या, मग मापू."

"बरं, त्या झोपल्यावर मापू."

"झोपलेल्या माणसाच्या घरात शिरायचं?" आप्पा माझ्यावर उखडले. "निकाल लागला न्हाई. पुस्तक मिटंल तवा लागंल."

असे आप्पा राहिले. निकाल न लागल्यामुळं. लेकीच्या घरी मुक्कामाला नव्हे, काकूंचं पुस्तक संपायची वाट बघायला. सोमवारी त्यांनी नवऱ्याचा पायजमा घातला, तो घोट्यापर्यंत आला नाही. मंगळवारी सासऱ्यांशी ऊस चांगला की हळद चांगली ह्यावर गच्चीत असं भांडण झालं की शेजारचे लोक विचारायला आले. बुधवारी सासूबाईंनी विचारलं, "पाव्हणं, भाकरी कशी झालीया?" आप्पा म्हणाले, "कडक हाय." दुसऱ्या दिवशी मऊ झाली. मला इतक्या वर्षांत मऊ मिळाली नाही. रोज सकाळी उठून ते फिरायला म्हणून गल्लीच्या टोकापर्यंत जात आणि येऊन सांगत, "बघून आलो. आजून लय हाय." मग ताटभर पोहे खात.

मी ऑफिसातनं घरी येताना नाक्यावरनं धावत सुटायचे. दारात त्यांच्या चपला दिसल्या की मला इतका आनंद व्हायचा की तिथंच दोन मिनिटं उभी राहायचे. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, आता सांगते. पन्नाशीला आलेल्या बाईला दारातल्या चपला बघून उड्या माराव्याशा वाटत होत्या.

आठ दिवस होऊन गेले आणि एका संध्याकाळी कणीक मळताना माझ्या एकदम ध्यानात आलं. आज ना उद्या काकूंचं पुस्तक संपणार. दोरा लागणार, मी जिंकणार. जिंकले तर फार तर अजून आठ दिवस मिळणार. पण आठ दिवस म्हणजे आठच. नववा उजाडला की हे टोपी घालून एसटी स्टँडला. आणि निकाल लागलाच नाही तर? मी पिठाच्या हातानं तशीच उभी राहिले. इतकी वर्षं ज्या गाठीच्या वर जायला मी धडपडत होते, तिच्यापर्यंत पोचूच नये असं मला वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसला जायच्या आधी मी डब्यात भरली वांगी घेतली आणि काकूंचं घर गाठलं. काका भाजी आणायला गेले होते. काकू पलंगावर, पुस्तक मांडीवर. मी बघितलं, डाव्या हाताला जेमतेम दहावीस पानं आणि उजव्या हाताला अख्खं पुस्तक. मला समजेना.

"काकू," मी वांगी पुढं केली, "एक विनंती होती. जरा दमानं वाचा. घाई करू नका. रोज दोन पानं वाचली तरी चालतील."

काकूंनी चष्मा काढला आणि माझ्याकडं बघत राहिल्या. मग अशा हसायला लागल्या की पलंग हलला.

"आगं, माझं कवाच झालं वाचून," त्या म्हणाल्या. "मागच्या गुरवारीच. तुझं वडील रोज सकाळी येत्यात न्हवं का? त्यास्नी म्हटलं, झालं बरं का माझं, न्या मापायला. तर हात जोडलं त्या माणसानं. म्हणालं, ताई, संपलं म्हणून पोरीला सांगू नगा. म्हणून परत पयल्यापासनं धरलंया."

मला हसावं का रडावं कळेना, म्हणून मी दोन्ही केलं. काकूंनी पदरानं माझं तोंड पुसलं.

"आता तूबी आलीस," त्या डबा उघडून वास घेत म्हणाल्या. "तिसऱ्यांदा वाचायला लागंल बग मला."

मी घरी परत आले. ऑफिसला उशीर झाला तर झाला. आप्पा पायरीवर उन्हात बसून पेपर वाचत होते, नवऱ्याच्या आखूड पायजम्यात.

"कुठं गेलतीस?" त्यांनी विचारलं.

"काकूंकडं. किती झालं बघायला."

आप्पांनी पेपर जरा वर धरला, तोंड झाकेल एवढा. "मग? किती झालं?"

"अजून लय हाय, आप्पा."

"व्हय?" पेपराच्या मागनं ते म्हणाले. "वाचू दे. बाईमाणसाला कुठं वेळ मिळतोय. सावकाश वाचू दे."